लटारूचा काचेचा दवाखाना

आमच्या वडशात रेल्वे फाटकाजवळच्या एका गल्लीत दोन धंदे जगावेगळे आहेत. एक माझा. मी नाटक कंपन्यांचे कपडे शिवतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या आमच्या भागात, गावोगाव नाटकं लागतात, तेव्हा मला मान वर करायला फुरसत नसते. उरलेलं वर्ष मी शाळेचे गणवेश शिवतो आणि गिऱ्हाइकांवर चिडचिड करतो. दुसरा धंदा समोरच्या घरात चालतो, किंवा चालायचा. तिथे लटारू मारबते राहतो. आयुष्यभर मेलेले मासे विकलेल्या या माणसावर मागच्या हिवाळ्यात जिवंत मासे सांभाळायची पाळी आली.

माझं मशीन दारातच आहे आणि त्याचं अंगण मशीनच्या नाकासमोर, त्यामुळे न विचारताच मला पुष्कळ दिसतं. बाकीचं त्याने नंतर सांगितलं. काही त्याच्या बायकोने, रंभाबाईने सांगितलं, आणि ती सांगते तेव्हा नवऱ्याची बाजू घेत नाही, हे बरं आहे.

लटारू ढिवराघरचा. त्याचा बाप गावच्या जुन्या तलावात जाळं टाकायचा. नाव त्याला स्वतःला आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने हाक मारतो. आमच्या भागात ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे पुढचं लेकरू जन्मलं की त्याला सुपात घालून उकिरड्यावरून लटारत नेतात, म्हणजे ओढत नेतात. मग शेजारची एखादी बाई मूठभर कोंडा देऊन ते विकत घेते, दिवसभर आपल्या घरी ठेवते, आणि संध्याकाळी आई ते परक्याचं लेकरू म्हणून परत आणते. मरण शोधत आलंच, तर इथे आपलं काही नाही असं वाटून ते पुढे जावं, असा त्यामागचा विचार. अशा लेकरांची नावं मग लटारू, झाडू, कचरू अशी पडतात. लटारूच्या आधीचे दोन भाऊ गेले होते. ज्या बाईने त्याला विकत घेतलं तिच्या घरात पोरांचं लेंढार होतं, आणि त्यांच्यातच त्याला दिवसभर निजवलं होतं. मरण आलं असतं तरी त्या गोंधळात त्याला कोण कोणाचं ते कळलं नसतं. माझं लेकरू भरल्या घरात निजलं म्हणून वाचलं, असं त्याची आई मरेपर्यंत सांगायची.

स्वतःच्या पोराच्या वेळी मात्र लटारूने यातलं काही करू दिलं नाही. पहिली मुलगी गेली होती. दुसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा रंभाबाई आणि सासू दोघी सूप घेऊन तयार होत्या. माझ्या पोराच्या नावाला शाळेत कोणी हसायचं नाही, असं म्हणून लटारू आडवा आला आणि त्याने मुलाचं नाव प्रफुल ठेवलं. पोरगा जगला आणि चांगला उंचापुरा झाला.

मासा पारखण्यात बाजारात लटारूचा हात धरणारा कोणी नव्हता. कल्ला उचलून आतला रंग बघायचा, डोळा बघायचा, बोटाने पाठ दाबायची, की तो सांगायचा मासा आजचा का कालचा. पण ही सगळी मेलेल्या माशाची पारख झाली. तलावात जो मासा सुस्तावून काठाला येतो तो आधी जाळ्यात येतो; तो आजारी होता का म्हातारा, हे कोण विचारतं? ढिवरासाठी आजारी मासा म्हणजे सोपा मासा. त्याची विद्या एवढीच होती आणि तिच्यावर त्याचं घर चाललं.

प्रफुलला तो बाजार, तो वास, ते पातं कधीच आवडलं नाही. तो एका नाटक कंपनीचा ट्रक चालवतो, म्हणजे चालवायचा: रंगमंचाच्या फळ्या, पडदे आणि लाइट घेऊन आज या गावाला, उद्या त्या गावाला. हिवाळा संपला की रिकामा. त्या रिकाम्या दिवसांत तो नागपूरला एका दुकानात शोभेचे मासे पाळायला शिकला आणि घरात काचेच्या तीन टाक्या मांडल्या. पुढच्या खोलीत मोठी, तिच्यात एंजल माशांची जोडी; पतंगासारखे उभट, चपटे, वर-खाली लांब पर असलेले मासे. मागच्या खोलीत दुसरी, तिच्यात त्या जोडीची पिल्लं. तिसरी लहान टाकी कायम रिकामी. कोणी आजारी पडलं तर त्याला वेगळं ठेवायला ती होती, आणि प्रफुल तिला दवाखाना म्हणायचा. मी त्याला विचारलं होतं की डॉक्टर कोण, तर तो हसून मीच म्हणाला.

हे मासे सिक्लिड घराण्यातले, असं त्याने बापाला सांगितलं. या घराण्यात आईबाप अंड्यांना आणि पिल्लांना राखतात. या घराण्यात आणखी कोण आहे, असं लटारूने विचारल्यावर तो म्हणाला, आपल्या तलावातली चिलापी. लटारूने कपाळाला हात लावला. ज्या चिलापीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्याने जन्मभर घसा फोडला, तिचे पाहुणे आता त्याच्याच घरात हीटर लावून राहत होते.

कपाळाला हात लावला खरा, पण त्या पिल्लांवर सगळ्यात जास्त जीव लटारूचाच होता, आणि त्याला कारण होतं. पिल्लं मोठी झाली की सगळी घेतो असा शब्द नागपूरच्या दुकानदाराने दिला होता. ती गेली की प्रफुल वडशातच स्वतःचं दुकान टाकणार होता. नाही गेली तर एटापल्लीकडे खाणीच्या ट्रकवर जाणार होता. तिकडून बोलावणं आलेलंच होतं. लटारू एकदा अहेरीला एका लग्नाला गेला होता तेव्हा त्या बाजूच्या रस्त्याने समोरून येणारे ते ट्रक त्याने पाहिले होते, आणि घरी येईपर्यंत एसटीतल्या समोरच्या सीटची दांडी सोडली नव्हती. एकुलतं एक पोरगं त्या रस्त्यावर घालायचं नाही, एवढंच त्याला पाहिजे होतं. पिल्लं जगली तर पोरगा घरी, असा सरळ मामला होता.

हिवाळ्यात कंपनी निघाली तेव्हा प्रफुलने बापाला टाक्यांसमोर बसवून सगळं समजावलं. मासा खाणं टाकतो का ते पाहायचं. पर अंगाला आवळून धरतो का, रंग काळवंडतो का, कोपऱ्यात थांबून कल्ले भराभर हलवतो का, दगडाला अंग घासतो का, तेही पाहायचं. संशय आला की उशीर न करता दवाखान्यात टाकायचं, आणि दवाखान्याची जाळी दुसऱ्या टाकीत बुडवायची नाही. लटारू हो हो करत राहिला. मग माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला की कालचं पोरगं मला मासे शिकवतं. मीही त्याला दुजोरा दिला, कारण पोरांनी बापाला शिकवणं मला एकंदरीतच आवडत नाही.

डिसेंबरात थंडीची लाट आली आणि तिच्यातच लाइन गेली. दिवसभर आली नाही. हीटर बंद पडले, टाक्यांतलं पाणी गार झालं. लटारूने पुढच्या टाकीला घोंगडं गुंडाळलं, मागच्या टाकीला रंभाबाईची रजई. लाइन आल्यावर सगळं ठीक दिसलं, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

मग जोडीतली मादी प्रफुलने ठेवलेल्या दगडी पाटीला अंग घासायला लागली. अंडी द्यायच्या आधी हे मासे पाटी साफ करतात, हे लटारूला माहीत होतं. त्याने आनंदाने फोन लावला. साफसफाई सुरू झाली, आता अंडी, असं सांगितलं. प्रफुलने एकच विचारलं.

"तोंडानं करून राह्यली का अंगानं?"

"साफ करून राह्यली म्हनलं ना," लटारू म्हणाला. "मले काय दिसत नाई का?"

तोंडाने टिपून पाटी साफ करणं वेगळं आणि खाज सुटल्यासारखं अंग घासणं वेगळं. प्रफुलने ते विचारलं होतं, पण बाप इतका खूष होता की त्याने पुढे ताणलं नाही. त्यानंतर कंपनी अहेरीच्या पलीकडे गेली आणि मोबाईलला रेंज मिळेना.

दोन-तीन दिवसांत मादीच्या परांवर पांढरे ठिपके उठले, रव्याचे कण चिकटावेत तसे. ती खाणं तोंडात घ्यायची आणि थुंकायची. लटारू टाकीसमोर उकिडवा बसून होता. कल्ला उचलून बघायची त्याची सवय, पण जिवंत माशाचा कल्ला कसा उचलणार? तो मला म्हणाला की आजवर माझ्यापुढे आलेल्या माशाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं, हिचं अजून व्हायचं आहे. मला पहिल्यांदा त्याची कीव आली.

शेवटी रेंज आली. लटारूने व्हिडिओ दाखवला. प्रफुलने बघताच सांगितलं की हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, थंडीने उठतो, आणि बरा होतो. मादीला दवाखान्यात टाका, पाणी हळूहळू गरम करा, मीठ घाला, फळीवरचं निळं औषध द्या. नराच्या टाकीतही तेच करा. आणि तिला एकटी ठेवा, हे त्याने दोनदा सांगितलं. लटारूने दवाखाना धुतला, पाणी भरलं, हीटर लावला. मग त्या रिकाम्या टाकीकडे बघत बसला आणि त्याच्याने ते होईना.

रंभाबाई सांगते की तो घरभर फिरत होता. आजारी जिवाला रिकाम्या घरात टाकायचं, कोणी जवळ नाही, चारी बाजूंनी नुसती काच. मरणाने दार उघडलं की सरळ तीच दिसणार. त्याची आई जे आयुष्यभर सांगत होती ते त्याच्या हाडात होतं. स्वतःच्या पोराच्या वेळी तो त्या रीतीला आडवा आला होता, कारण तेव्हा त्याच्या अंगात जोर होता. आता पोराचं सगळं भवितव्य त्या टाक्यांत होतं आणि तो घाबरला होता. घाबरलेला माणूस आईचंच ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसलो तेव्हा हा पठ्ठ्या अंगणात एक घमेलं उकिरड्याला वळसा घालून फरफटत नेत होता. घमेल्यात पाणी, पाण्यात ती मासोळी. मागच्या खोलीचं दार बाजूने अंगणातच उघडतं, तिथे रंभाबाई मूठ आवळून बसली होती. काय चाललंय असं मी ओरडून विचारलं, तर पाणी बदलवून राह्यलो म्हणाला. अशा तऱ्हेने पाणी बदलताना मी कोणाला पाहिलं नव्हतं, पण माझ्यापुढे एका राजाचा आणि दोन सरदारांचे अंगरखे पडले होते.

मुठीत कोंडा होता. रंभाबाईने तो त्याच्या हातावर ठेवला आणि मासोळी विकत घेतली. घेताना ती बोललीच.

"पोराच्या वक्ताले तुमाले लाज वाटत होती, अन् मासोळीले लटारून राह्यले."

लटारूने घमेलं उचलून आत नेलं. त्याने मादीला मागच्या टाकीत, पिल्लांमध्ये सोडलं. मागची खोली म्हणजे परकं घर, आणि पिल्लांनी भरलेली टाकी म्हणजे भरलं घर. औषध आणि मीठ त्याने तिथेच घातलं, पण पिल्लांना सोसणार नाही म्हणून अगदी बेताने. पिल्लं तिच्याभोवती जमली. ते पाहून त्याला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर रंभाबाईलाही वाटलं.

आणि ठिपके गेले. थोड्याच दिवसांत मादीचं अंग स्वच्छ झालं, ती खायला लागली. लटारूने तिला रीतसर परत आणून पुढच्या टाकीत नराजवळ सोडलं. मला चहा पाजला, रंभाबाईने सुवारी, म्हणजे पुऱ्या, तळल्या. प्रफुलला त्याने फोनवर बरी झाली एवढंच सांगितलं. अजून दवाखान्यातच राहू द्या, असं प्रफुल म्हणाला, आणि लटारू हो म्हणाला. एवढं खोटं तो जन्मात कधी बोलला नसेल. शिळ्या माशाला ताजा म्हणायचा, पण तो धंदा होता.

मग मागच्या टाकीतली पिल्लं पाटीला, नळीला, काचेला अंग घासायला लागली. एक नाही, सगळीच. या वेळी लटारूला अंडी आठवली नाहीत. सकाळी ठिपके दिसले आणि दुपारपर्यंत काही पिल्लं तळाला जाऊन बसली. त्याने फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, कोंड्यासकट. प्रफुलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग प्रफुल म्हणाला, येतो.

ट्रक दुसऱ्याच्या हवाली करून तो एसटीने आला. मी मुद्दाम त्यांच्या ओसरीत जाऊन बसलो, म्हटलं बापलेकांत काही झालं तर मध्ये पडायला कोणी असावं. प्रफुलने आधी मागची टाकी बघितली, पुढची बघितली, मग दवाखान्यासमोर उभा राहिला. त्यात स्वच्छ पाणी होतं आणि हीटर चालू होता.

"हे तयार करून ठेवलं होतं, मंग तिले इथी काऊन नाई टाकलं?"

"रिकामा होता ना तो," लटारू म्हणाला.

"रिकामाच पाह्यजे, बाबा."

मग त्याने सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं, हे जास्त वाईट होतं. ठिपके गळाले म्हणजे रोग गेला असं नसतं. तो किडा असतो, ठिपक्यात वाढतो. पिकला की माशाच्या अंगावरून सुटून तळाला पडतो, तिथे फुटतो, आणि एकाचे शेकडो होऊन पोहत दुसरं अंग शोधतात. रिकाम्या टाकीत त्यांना नवं अंग सापडत नाही आणि तिथे पुरेसं औषध घालता येतं, म्हणून ते मरतात. भरल्या टाकीत त्यांना पंगत मिळते. थंडीनं झालं ते तुमच्या हातात नव्हतं, पुढचं होतं, एवढं तो म्हणाला. लटारू मान खाली घालून ऐकत होता. माझ्या डोक्यात आलं की बिचाऱ्याने मरणाला चकवायला जे केलं त्यानेच त्याला घरचा रस्ता दाखवला. पण ते बोलायची ती वेळ नव्हती, आणि मीही सगळंच बोलतो असं नाही.

त्या दिवसापासून प्रफुलने दोन्ही टाक्यांचं काम हातात घेतलं. पाणी हळूहळू गरम केलं, तळ रोज नळीने उपसला, औषध मोजून दिलं. मोठी जोडी सावरली. अंगात ताकद असलेलं वाचतं. पिल्लांचं तसं नव्हतं. काही तगली, बाकीची तळाला आडवी पडून कल्ले मारत राहिली, वर येईनात, जाईनात. आता ती जगणार नाहीत आणि त्यांना तसं ठेवणं चांगलं नाही, असं प्रफुल म्हणाला. लवंगाचं तेल पाण्यात घातलं की त्यांना गुंगी येते आणि त्यातच ती जातात. रंभाबाईने दाढदुखीची तिची बाटली आणून दिली. प्रफुलने ती हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"माझ्यानं नाई होत. तुमी करा, बाबा. तुमाले सवय आहे."

त्याने टोमणा मारला नव्हता. खरंच त्याच्याने होत नव्हतं, डोळे भरले होते त्याचे. पण लटारूला तो शब्द कसा लागला ते मी पाहिलं. तो उठला, एका गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेतलं, तेल घातलं, आणि जाळीने पिल्लं काढायला लागला. आयुष्यभर त्याने मासे किलोवर विकले. त्या दिवशी एकेक केला. मध्येच रंभाबाई शेजारी येऊन बसली आणि तिने गंज धरला. नंतर त्याने ती सगळी सीताफळाखाली पुरली आणि तिथेच बसून राहिला. मी त्याला उठवायला गेलो नाही. मला फार वाईट वाटलं.

उरलेल्या पिल्लांवर दुकान उभं राहणार नव्हतं. नागपूरच्या दुकानदाराचा तेवढ्या मालासाठी गाडी पाठवायला नकार आला. शिमगा झाला, कंपनीने पडदे गुंडाळले, आणि प्रफुलने बॅग भरली. लटारूने त्याला अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? फक्त या जोडीचं काय करू, असं विचारलं.

"तुमी पाहा," प्रफुल म्हणाला. "आता तुमाले समजते."

हे त्याने विश्वासाने म्हटलं का कडू मनाने, मला आजही सांगता येणार नाही. लटारूने ते विश्वासाने घेतलं. प्रफुल एटापल्लीला खाणीच्या ट्रकवर लागला. तो दोन दिवसांआड संध्याकाळी फोन करायचा आणि पहिलं वाक्य नेहमी माशांचं असायचं: खातात का, पाणी बदललं का. बाप सांगायचा. या बोलण्यात दोघांनाही दुसऱ्या गोष्टी बोलाव्या लागत नसत.

या पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन मी गणवेशांत बुडालेलो असताना, मादी पुन्हा बिघडली. या वेळी ठिपके नव्हते. खाणं थुंकायला लागली, रंग उतरला, आणि मागून पांढरी, दोऱ्यासारखी घाण लोंबायला लागली. लटारूने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. प्रफुलला विचारून औषध आणलं, वेगळ्या जाळीने तिला उचललं आणि दवाखान्यात टाकलं. एकटी. रंभाबाईने कोंड्याचं नावही काढलं नाही.

पण मी संध्याकाळी डोकावलो तर हा दवाखान्यासमोर पाट टाकून बसला होता. दुसऱ्या दिवशीही तिथेच. जेवणाचं ताट तिथेच, बिडी तेवढी बाहेर. आमच्याकडे मोठ्या दवाखान्यातसुद्धा नातेवाइकांना भेटायची वेळ ठरलेली असते, असं मी म्हणालो.

"घर रिकामं ठेवलं, देवाजीभाऊ," तो म्हणाला. "पोरगा म्हनते तसं ठेवलं. पन तिले दिसाले तर पाह्यजे ना, कोनी आहे म्हनून."

मला हसू आलं आणि मी हसलो नाही. खरं म्हणजे यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग प्रफुलचा फोन आला. लटारू पाटावर बसूनच बोलला. मी ठीक आहे, जेवलो, ड्युटी चालू आहे, असं प्रफुलने सांगितलं आणि फोन ठेवला. लटारू फोन हातात धरून तसाच बसला. रंभाबाईने काय झालं विचारलं, तर तो म्हणाला की त्याने मासोळीचं विचारलं नाही. ती आजारी आहे हे माहीत असून विचारलं नाही. आवाज बारीक होता आणि मध्येमध्ये तो दम घेत होता. रंभाबाई म्हणाली, थकला असेल. लटारूने ऐकलं नाही. प्रफुलसोबत सुरज नावाचा पोरगा त्याच गाड्यांवर आहे, त्याला त्याने फोन लावला. सुरजने आधी टाळलं, मग सांगितलं. प्रफुलला मलेरिया झाला आहे. गोळ्या चालू आहेत, पण अन्न जात नाही. खोलीतली बाकीची पोरं दिवसभर गाड्यांवर असतात. घरी सांगू नको, असं तो बजावून बसला आहे.

सकाळी मी मशीनला तेल देत होतो तेव्हा लटारू माझ्या दारात आला. खांद्याला पिशवी, मागे रंभाबाई, तिच्या हातात डबा. ज्या रस्त्याला तो वर्षभर घाबरत होता त्याच रस्त्याने निघाला होता, आणि घाबरलेला दिसत नव्हता. त्याने घराची किल्ली माझ्या मशीनवर ठेवली आणि सगळं सांगितलं. औषध केव्हा, पाणी किती, जाळी कोणती, हेही सांगितलं. मी मान हलवली. तो तरी जाईना.

"मले मालूम आहे तुमी बिझी आहा," तो म्हणाला. "पन औषध देऊन लगेच वापस नोका येऊ. थोडे तिच्यापाशी बसा. पोराले मी एकटं पडू देल्लं, हिले नाई पाह्यजे."

एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. गणवेशांचा ढीग होता, मास्तर दोनदा येऊन गेले होते, आणि मासोळीला सोबत लागते असं सांगणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला चांगलं येतं. पण तो ज्या पोराकडे चालला होता त्याच्याजवळ त्या वेळी कोणी नव्हतं. मी म्हणालो, बसतो, तुमी निघा, एसटी जाईल.

ते गेल्यावर मी काजं-बटनं राहिलेले दोन-चार शर्ट काखेत घेतले, दुकानाचं दार ओढलं आणि त्यांच्या घरात गेलो. मोजून औषध दिलं. मासोळी मागच्या कोपऱ्यात पर आवळून थांबली होती. मी पाट जवळ ओढला आणि ती मला पाहील असा बसलो.